‘फिट’ हा शब्द कागदावर कुणी लिहिला?



गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक आई आपल्या १९ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. सोबत नेहमीसारखी प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दवाखान्याचे चुरगळलेले कागद, लग्नपत्रिका आणि वकिलाची नोटीस. लग्नाला चार महिने झाले होते. मुलीच्या बॅगेत, पावडरच्या डब्यामागे, सासूला गोळ्यांची पाकिटं सापडली. दिराने ती औषधाच्या दुकानात नेऊन दाखवली. दुकानदार म्हणाला, “या फिटच्या गोळ्या आहेत.” त्याच संध्याकाळी मुलीला माहेरी आणून सोडलं. आठ दिवसांनी नोटीस आली: मिरगीचा आजार लपवून, फसवणूक करून लग्न लावलं.

अशा केसेस आपल्या सगळ्यांच्याच केंद्रांवर येतात, त्यामुळे हात सवयीने चालतो. मी फॉर्म पुढे ओढला आणि ‘समस्येचे स्वरूप’ या रकान्यात लिहून टाकलं: मुलीला लहानपणापासून मिरगी, लग्नाच्या वेळी सांगितलं नाही, पतीने टाकलं. मग पोटगी, स्त्रीधन, समझोत्याची शक्यता असे पुढचे रकाने. समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. केलं, दहा-बारा वर्षं वस्तीत काम केलं; मुलाखत कशी घ्यायची यावर नव्या मुलींची शिबिरंही घेते. पण त्या दिवशी मी ना मुलीला विचारलं ना आईला, की झटका येतो म्हणजे नेमकं काय होतं. कागदावर ‘फिट्स’ लिहिलं होतं, मी तेच उतरवून घेतलं.

विचारलं ते नंतर, आणि तेही ठरवून नाही. वकीलबाई कोर्टातून यायच्या होत्या, उशीर झाला, चहा झाला, आणि आई आपणहून बोलायला लागली.

“दोन वर्षांची होती ताई. खेळताना उंबऱ्यावर डोकं आपटलं. रडायला तोंड उघडलं, पण आवाजच नाही आला. पांढरीफटक पडली. डोळे वर गेले, अंग लाकडासारखं ताठ झालं, मग हातपाय झटकले दोन-चार वेळा. मला वाटलं, गेली माझी पोर. तेवढ्यात डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि रडायला लागली.”

मग असंच दोनदा-तीनदा झालं. एकदा दारात बोट चेंबटलं तेव्हा, एकदा दंडावर इंजेक्शन दिलं तेव्हा. डॉक्टरांकडे वडील घेऊन गेले. आई कामावर होती. वडिलांनी झटका पाहिला नव्हता. ते म्हणाले, “फिट येते.” गोळ्या सुरू झाल्या. पाचव्या वर्षी झटके थांबले, गोळ्याही थांबल्या. मग सातवीत, १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला, सकाळपासून उपाशी, उन्हात अर्धा-पाऊण तास उभी असताना पोरगी पडली. बाईंनी आणि शिपायाने तिला दोन्ही बाजूंनी धरून उभं ठेवलं, कुणीतरी चप्पल हुंगवली, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. तिचे हातपाय झटकले. शाळेने सांगितलं, “मुलीला फिट आली.” दवाखान्यात जुना कागद निघाला, त्यावर तोच शब्द होता. पुन्हा गोळ्या, या वेळी जास्त ताकदीच्या. त्या सात वर्षं चालू होत्या.

हे सगळं सांगून झाल्यावर आई जे बोलली, ते मी नंतर फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं. “मार लागल्याशिवाय नाहीतर उभं राहून दमल्याशिवाय एकदा पण नाही आली ताई. झोपेत कधी आली नाही, बसल्या बसल्या कधी आली नाही. मी म्हणायची यांना, की ही बाहेरून येते, आतून नाही येत. पण मला कोण विचारतं?”

पुढे सरकारी रुग्णालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ज्या निष्कर्षाला येण्यासाठी पाऊण तास घेतला, तो या बाईने सतरा वर्षं आधी एका वाक्यात काढला होता.

आता थोडं शरीराबद्दल, कारण हे आपल्या कार्यकर्त्यांनाही माहीत नसतं. मलाही नव्हतं.

काही लहान मुलांमध्ये अचानक दुखलं, दचकलं की व्हेगस नावाचा मज्जातंतू एकदम जोरात काम करतो आणि हृदयाचे ठोके काही सेकंद थांबतात. मेंदूला रक्त मिळत नाही. मूल पांढरं पडतं, ताठ होतं, झटके देतं. मग हृदय आपलं आपण सुरू होतं आणि मूल शुद्धीवर येतं. सगळा प्रकार बहुधा मिनिटाभरात संपतो. आईला मात्र तो तासाभराचा वाटतो. वैद्यकात याला रिफ्लेक्स ॲनॉक्सिक सीझर म्हणतात. नावात ‘सीझर’ असलं तरी ही मिरगी नव्हे. मिरगीत मेंदूतल्या विजेच्या लहरींचा गोंधळ होतो. इथे मेंदू निरोगी असतो, त्याला क्षणभर रक्त कमी पडतं एवढंच. ग्लासगोचे बालमेंदूविकारतज्ज्ञ जॉन स्टीफन्सन यांनी १९७८ सालीच यावर लेख लिहून हा फरक मांडला होता. ब्रिटनमध्ये अशा मुलांच्या पालकांसाठी १९९३ साली संस्था उभी राहिली ती ट्रुडी लॉबन या एका आईने, आपल्या मुलीच्या अनुभवावरून. हे वाचलं तेव्हा मला आमच्या केंद्रात बसून चहा पिणारी ती आई आठवली.

दुसरा प्रकार आपल्या वस्त्यांत सगळ्यांना माहीत आहे. मूल रागावून किंवा दुखावून रडतं, रडता रडता श्वास बाहेर सोडतं आणि आत घेतच नाही, निळं पडतं, मान टाकतं. लोक म्हणतात, मूल ‘दम धरतं’. आणि लगेच आईला बोल लावतात, की हिनेच लाडावून ठेवलंय, हट्टापायी श्वास धरतो. मूल हे मुद्दाम करत नाही, त्याला ते करता येतच नाही. सहा महिने ते सहा वर्षं या वयात हे दिसतं आणि वयाबरोबर जातं. अंगात लोह कमी असेल तर असे झटके जास्त येतात, आणि लोहाचं औषध दिल्यावर अनेक मुलांत ते कमी होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत आपल्या देशात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे आईच्या लाडांची चर्चा करण्याआधी मुलाचं हिमोग्लोबिन बघावं, आणि आईचंही बघावं, हे सांगायला कुणी मोठा तज्ज्ञ लागत नाही. अंगणवाडीताई ते करू शकते.

तिसरा प्रकार म्हणजे साधी भोवळ. वयात येणाऱ्या मुलींमध्ये तो फार दिसतो. प्रार्थनेला उभं असताना, बसच्या गर्दीत, गरम पाण्याने अंघोळ करताना, रक्त काढताना, पाळीच्या दिवसांत उपाशी असताना. एक गोष्ट मला तर अगदी नवी होती: आई मागे बसून वेणी घालते, केस ओढले जातात, आणि मुलगी चक्कर येऊन पडते. हेही डॉक्टरांच्या पुस्तकात नोंदलेलं आहे. आपल्याकडे किती घरांत अशा वेळी लिंबू उतरवलं असेल!

गोंधळ होतो तो झटक्यांमुळे. अंगाला झटके आले म्हणजे फिटच, असं आपण सगळेच धरून चालतो, आणि बरेच डॉक्टरही. १९९४ साली बर्लिनमधल्या संशोधकांनी निरोगी तरुणांना मुद्दाम चक्कर आणवली आणि त्याचं चित्रण केलं. ज्यांची शुद्ध पूर्ण हरपली, त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांच्या अंगाला झटके आले. बहुतेकांचे डोळेही उघडेच होते. या सगळ्यांचे मेंदू निरोगी होते. त्यातून माणूस पडल्यावर आपण त्याला आडवं करायचं सोडून उचलून बसवतो, धरून उभं ठेवतो. मेंदूला रक्त पोहोचायला आणखी उशीर होतो आणि झटके वाढतात. सातवीतल्या त्या मुलीला झेंड्याखाली आडवी निजवून पाय वर उचलले असते, तर कदाचित तिला ‘फिट’ आलीच नसती. चप्पल, कांदा, किल्ल्या यांचा उपयोग शून्य. तोंडात चमचा घालणं तर धोक्याचंच.

चुकीचं निदान फक्त आपल्याच गरीब वस्त्यांत होतं, असं मात्र समजू नका. डेन्मार्कमध्ये मिरगीच्या मोठ्या केंद्राकडे पाठवलेल्या २२३ मुलांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७ मुलांना मिरगी नव्हतीच. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका बालरोगतज्ज्ञाने तपासलेल्या १९४८ मुलांचे कागद २००१ नंतर पुन्हा तपासले गेले, तेव्हा ६१८ मुलांचं निदान चुकीचं निघालं. ही सगळीच चक्कर येणारी मुलं नव्हती, चुकांचे प्रकार अनेक होते. पण जिथे यंत्रांची कमी नाही तिथे ही गत, तर आपल्याकडे काय असेल याचा अंदाज बांधा. यंत्रानेही हा प्रश्न सुटत नाही. डोक्याची पट्टी काढली, तिच्यात काहीतरी दिसलं, झालं! पण कधीही झटका न आलेल्या निरोगी मुलांतसुद्धा शंभरात दोन-चार जणांच्या पट्टीत मिरगीसारख्या लहरी दिसतात. उलट खरी मिरगी असलेल्या माणसाची पट्टी साफ येऊ शकते. निदान ठरतं ते झटका पाहिलेल्या माणसाच्या सांगण्यावर.

आणि मूल पडतं तेव्हा समोर कोण असतं? आई असते, आजी असते, थोरली बहीण असते, बालवाडीची बाई असते. दवाखान्यात मात्र खुर्चीवर बाप बसतो, फाईल त्याच्या हातात. आई मुलाला कडेवर घेऊन दाराशी उभी. तिने तोंड उघडलं तर “तू गप, डॉक्टरांना सांगू दे मला.” डॉक्टरांकडे बाहेर पन्नास पेशंट. त्यात आपल्या भाषेचीही एक अडचण आहे. तापातली आकडी, रडून निळं पडणं, उन्हात चक्कर येणं, खरं फेफरं, सासरच्या जाचाने बाईची शुद्ध हरपणं, या सगळ्याला आता आपण एकच शब्द वापरतो: फिट. पूर्वी भोवळ, घेरी, आकडी, मूर्च्छा, फेफरं असे वेगवेगळे शब्द होते. बाप ‘फिट’ म्हणतो, डॉक्टर इंग्रजीत ‘फिट्स’ लिहितात, पुढचा डॉक्टर मागच्याचा कागद वाचतो, आणि सल्ला केंद्रातली मीही तेच वाचते. कुठल्याच टप्प्यावर कुणी पाहिलेलं कुणी ऐकत नाही.

मुलाच्या बाबतीत हा शब्द लागला तर घर दवाखाने पालथे घालतं. मुलीच्या बाबतीत घर तो शब्द लपवतं. दुसरं मत घ्यायचं म्हणजे आणखी एका दवाखान्यात जायचं, आणखी चार लोकांना कळायचं. आमच्या या मुलीला सात वर्षांत पुन्हा कुणा मोठ्या डॉक्टरांना दाखवलं नाही ते पैसा नव्हता म्हणून नाही. दवाखान्याच्या रांगेत कुणी ओळखीचं भेटेल, ही भीती होती.

ती ज्या गोळ्या घेत होती त्या सोडियम व्हॅल्प्रोएटच्या. औषध चांगलं आहे, अनेकांचे झटके त्याने थांबलेत. पण गरोदरपणात ते पोटात गेलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मतः व्यंग असतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांची शिकण्या-बोलण्याची वाढ मागे पडते. १२ वर्षांच्या मुलीला ते सुरू केलं, १९व्या वर्षी तिचं लग्न लागलं, आणि मधल्या सात वर्षांत एकाही डॉक्टरने, एकाही औषधवाल्याने तिला हे सांगितलं नाही. सासरच्यांनी त्या दिवशी गोळ्या शोधल्या नसत्या, तर पुढच्या वर्षी काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. ज्यांना मिरगी खरोखर आहे, त्यांच्यासाठी तर ही माहिती आणखी महत्त्वाची. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन या गोळ्यांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हेही बायकांना कुणी सांगत नाही. आपल्या आरोग्य शिबिरांत तांबी, गोळ्या, नसबंदी सगळ्यावर बोलणं होतं, यावर मात्र आजवर आम्हीही बोललो नव्हतो.

तर आम्ही आई आणि मुलगी दोघींना घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो. आत जाताना मी एवढंच केलं, की आईला खुर्चीवर बसवलं आणि मी मागे उभी राहिले. डॉक्टर भले निघाले. त्यांनी पट्टीचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “काकू, अगदी पहिल्यांदा काय झालं ते सांगा. आधी काय करत होती?” काकू पाऊण तास बोलल्या. मग उभं करून रक्तदाब मोजला, हृदयाची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, ही मिरगी नाही, कधीच नव्हती. गोळ्या कित्येक महिन्यांत, पायरी पायरीने कमी केल्या. (हे फार महत्त्वाचं आहे. हे वाचून कुणीही, कुणाच्याही गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. खरी मिरगी असेल तर त्याने जीवही जाऊ शकतो.) मुलीला आता चक्कर येईलसं वाटलं की ती सरळ खाली बसते, पाय वर घेऊन आडवी होते, पाणी भरपूर पिते. गोळ्या सुटल्यापासून तिला एकदाच भोवळ आली, रक्त तपासायला सुई टोचली तेव्हा.

इथे गोष्ट संपवता आली असती. आमच्या महिन्याच्या बैठकीत मी ती तशीच सांगितली, जरा फुशारकीनेच. वकीलबाईंनी नोटिशीचं उत्तरही तयार केलं होतं: आमच्या अशिलाला मिरगी नाही, वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे, सबब तिला नांदवण्यास घेऊन जावे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मागच्या रांगेतली एक जण उठली. आमच्या बचत गटातली, चाळिशीची, कमी बोलणारी. ती म्हणाली, “ताई, हिला मिरगी नाही म्हणून हिला नांदवा, असं लिहिलंय ना तुम्ही? मला आहे मिरगी. खरीखुरी. वीस वर्षं झाली, मी गोळ्या मसाल्याच्या डब्यात ठेवते, हळदीच्या वाटीखाली. मग मला नांदवू नये का?”

बैठकीत कुणी काही बोललं नाही. दोन वर्षं ती आमच्याबरोबर आहे आणि आम्हाला कुणाला हे माहीत नव्हतं. आमच्यात बसून तिला ते सांगावंसं वाटलं नाही, याचा अर्थ काय घ्यायचा ते मी तुमच्यावर सोपवते.

ती म्हणाली ते खरंच होतं. मिरगी नाही हे सिद्ध करून मुलीची सुटका करणं म्हणजे जिला ती आहे तिच्यावरचा आरोप मान्य करणं. हे काम आपल्या कायद्यानेही अनेक वर्षं केलं. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांच्या शेजारी वारंवार येणारी मिरगी बसवली, आणि त्या कारणावरून लग्न रद्द करून मागता यायचं. विशेष विवाह कायद्यातही तेच शब्द होते. १९९९ साली दोन्ही कायद्यांतून मिरगीचा शब्द काढून टाकला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं, की मिरगी हा असाध्य रोग नाही, तिला मानसिक विकार म्हणता येत नाही, आणि ती घटस्फोटाचं कारण होऊ शकत नाही. तरी गावोगावच्या नोटिशी अजून जुन्याच साच्यातून निघतात; फक्त ‘मिरगी’ऐवजी जोर आता ‘फसवणूक’ या शब्दावर असतो. औषध नीट मिळालं तर मिरगी असलेल्या दहापैकी सात जणांचे झटके थांबू शकतात. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या नवऱ्याने लग्नाआधी ते सांगितलं नाही म्हणून त्याला कुणी बहिणीच्या घरी नेऊन सोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

नोटिशीचं उत्तर आम्ही बदललं. आधी कायदा: मिरगी असणं हे बायकोला टाकण्याचं कारण नाही. मग वैद्यकीय दाखला. वकीलबाई सुरुवातीला नाराज होत्या. त्यांचं म्हणणं, हातात हुकमी पत्ता असताना तो दुसऱ्या पानावर कशाला टाकायचा? वकील म्हणून त्यांचं चुकलं नव्हतं. वाद झाला, बराच झाला. शेवटी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, “दोन्ही लिहा. पण मावशींचं आधी.”

सासरहून निरोप आलाय, ‘दाखला बघितला, आता घेऊन जायला तयार आहोत.’ मुलगी अजून गेलेली नाही. तिने नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरलाय. आईला वाटतं जावं, वडिलांना तर वाटतंच. आम्ही तिच्यावर कुठल्याच बाजूने दडपण आणायचं नाही असं ठरवलंय, आणि ते पाळणं किती अवघड असतं, ते केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

आमच्या केंद्राने फॉर्ममधला तो रकाना आता मोडीत काढला आहे. ‘मिरगी / फिट’ असं कुणी म्हटलं की आम्ही पाहणाऱ्या बाईला शोधतो आणि तिच्या शब्दांत लिहून घेतो: पडण्याआधी मुलगी काय करत होती, उभी होती का, काही लागलं का, घाबरली का, खाल्लं होतं का, तोंड पांढरं झालं, निळं झालं की लाल, झटके आधी आले की शुद्ध आधी गेली, किती वेळ, जाग आल्यावर ओळखत होती की बराच वेळ भ्रमिष्टासारखी होती, जीभ कडेने चावली होती का, कधी झोपेत आलं का. एकट्या एका उत्तरावर काही ठरत नाही. लघवी होणं दोन्हींत होतं. लहान मूल साध्या झटक्यानंतरही गाढ झोपी जातं. निदान आपण करायचंच नाही. आपण फक्त पाहणाऱ्या बाईचं सांगणं डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं. घरात मोबाईल असेल आणि मुलाजवळ दुसरं माणूस असेल, तर झटक्याचं चित्रण करून ठेवा. आईचं बोलणं उडवून लावणारा डॉक्टर ते चित्रण मात्र दोनदा बघतो, असा अनुभव आहे.

आणि एका ठिकाणी मुळीच थांबू नका. पळताना, खेळाच्या ऐन मध्यात किंवा पोहताना मूल पडलं, अचानक गजर किंवा मोठा आवाज होऊन पडलं, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर ती चक्कर हृदयाच्या ठोक्यांच्या आजाराची असू शकते. हाही आजार ‘फिट’ म्हणून वर्षानुवर्षं चुकीच्या गोळ्यांवर चालवला जातो, आणि तो जीवघेणा आहे. अशा मुलाच्या हृदयाची पट्टी त्याच आठवड्यात काढून घ्या. ती काढायला फार खर्च येत नाही, सरकारी रुग्णालयात होते, आणि छातीवर तारा लावताना दुखत नाही, हे मुलाला आधी सांगा.

बचत गटातल्या त्या मैत्रिणीने आता गोळ्यांचा डबा फळीवर ठेवलाय. नवऱ्याने विचारलं, हे काय? तिने सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, “संपल्या की सांग, येताना आणतो.” हे तिने बैठकीत सांगितलं तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, दोघी-तिघी उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांतली एक नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, माझ्या नातीचं जरा लिहून घ्या. ती रडताना दम धरते, आणि सून म्हणते फिट आहे.”

फॉर्म काढला. सुनेला बोलावलं आहे, येत्या मंगळवारी.